चालीची ओळ : नाट्यपद आणि पूर्वसंगीताची पुनर्रचना

किर्लोस्करांपासून खाडिलकरांपर्यंतच्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर एक लहानशी ओळ आढळते. काही ठिकाणी तीत राग आणि ताल एवढेच असतात. पुष्कळ ठिकाणी 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गीताचे आरंभीचे शब्द असतात. हे दुसरे गीत कधी ख्यालाची बंदिश असते, कधी ठुमरी, कधी लावणी, कधी कानडी पद, तर कधी आधीच्याच एखाद्या मराठी नाटकातले पद. नाटकाच्या संहितेचा अभ्यासक ही ओळ ओलांडून पदाच्या शब्दांकडे वळतो. संगीताचा अभ्यासक शब्द बाजूला सारून मूळ बंदिशीच्या शोधाला लागतो. ओळ मात्र दोघांकडूनही वाचली जात नाही. वस्तुतः एका रचनेने आपल्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या रचनेचा केलेला तो जाहीर उच्चार आहे, आणि पूर्वसुरींच्या संगीतातून नवे संगीत कसे निर्माण होते या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत विपुल पुरावा याच ओळींत साठलेला आहे.

नाट्यसंगीताविषयी दोन मते दीर्घकाळ रूढ आहेत. पहिल्या मतानुसार ते उसने संगीत होय : चाली उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आणल्या, त्यांवर मराठी शब्द बसवले, एवढेच घडले. दुसऱ्या मतानुसार नाट्यसंगीताने अभिजात संगीत सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचवले. पहिले मत दूषणाचे आणि दुसरे गौरवाचे असले, तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे. दोन्ही मते असे धरून चालतात की मूळ बंदिश आणि पद यांच्यामध्ये संगीताच्या दृष्टीने विशेष काही घडत नाही. माल तोच राहतो, फक्त त्याचे स्थळ आणि गिऱ्हाईक बदलते. हे गृहीतक टिकते का, हे पाहण्यासाठी पुनर्रचनेच्या क्रियेकडेच पाहावे लागते.

या क्रियेचा विचार पाश्चात्य अभिजात संगीताच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. विवाल्दीच्या १७११ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील चार व्हायोलिनांची एक रचना बाखने पुढे चार हार्पसिकॉर्डांसाठी नव्याने लिहिली. ब्राम्सने १८७३ मध्ये हायडनच्या म्हणून समजल्या गेलेल्या एका सुरावटीवर आपली रूपांतरमाला रचली. स्त्राविन्स्कीने १९२० च्या 'पुल्चिनेल्ला' या नृत्यनाट्यासाठी पेर्गोलेसीच्या नावावर असलेले संगीत घेऊन त्याची घडणच बदलून टाकली. पुढील संशोधनाने या प्रकरणांना मोठे मार्मिक वळण दिले. ब्राम्सने घेतलेली सुरावट हायडनची असल्याचे आज मानले जात नाही, आणि स्त्राविन्स्कीने पेर्गोलेसीचे म्हणून घेतलेल्या संगीतातील बराच भाग इतरांचा ठरला आहे. तरीही या कृतींचे मूल्य त्यामुळे कमी झाले नाही. उगमावर लिहिलेले नाव चुकीचे ठरले तरी पुनर्रचना शाबूत राहते, याचा अर्थ तिचे सत्त्व उगमाच्या मालकीत नसून उगमाशी जोडलेल्या नात्यात आहे.

हिंदुस्थानी संगीतात याला समांतर उदाहरण सदारंगाचे आहे. महंमदशहाच्या दरबारातील नियामत खाँ याने 'सदारंग' या मुद्रेने ख्यालरचना केल्या; परंतु ती मुद्रा धारण करणारी प्रत्येक बंदिश त्याचीच असे मानता येत नाही. नंतरच्या रचनाकारांनीही ती मुद्रा आदराने किंवा सोयीने वापरली. मात्र साम्य येथेच संपते. विवाल्दीची रचना बाखसमोर लिखित संहितेच्या रूपात होती. तिच्यातील प्रत्येक बदल मोजता येतो. बंदिश ही त्या अर्थाने संहिता नाही. स्थायी आणि अंतरा, समेवर येण्याची वाट, रागाचे मुख्य चलन दाखवणारा मुखडा, एवढा तिचा स्थिर भाग. उरलेले गायन प्रत्येक वेळी नव्याने घडते. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तकमालिके'त बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, त्यांतील कित्येक वेगळ्या घराण्याच्या गवयाकडे वेगळ्या वळणाने ऐकू येतात. ख्यालगायकाला पूर्वसुरीची बंदिश गाताना तिची पुनर्रचना करावीच लागते. हॅरल्ड ब्लूमने १९७३ मध्ये कवीला पूर्वसुरीच्या प्रभावाची वाटणारी धास्ती हा काव्यनिर्मितीचा मूलमंत्र म्हणून मांडला. ती मांडणी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे गायकाला भीती असते ती आपल्या मागे कोणी पूर्वसुरी दिसत नाही असे ठरण्याची; 'हे कोणाकडून घेतले?' या प्रश्नाला उत्तर देता न येणे ही मैफलीतली नामुष्की होय. नाट्यपदाच्या डोक्यावरची चालीची ओळ याच संस्काराची छापील परिणती आहे.

तथापि सर्वच नाटककारांनी ती ओळ एकाच हेतूने लिहिली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी, कामदा यांसारख्या कीर्तन-आख्यानांतून परिचित झालेल्या वृत्तजाती आहेत, लावणीची वळणे आहेत, आणि किर्लोस्करांचे बालपण ज्या बेळगाव-धारवाडच्या परिसरात गेले तेथील कानडी पदांच्या चाली आहेत. यांतील पुष्कळ चाली श्रोत्याच्या कानात आधीपासूनच होत्या. सुभद्रेच्या तोंडी ओळखीचे वळण आले की पुराणातील राजकन्या घरातल्या सुनेच्या अंतरावर येत असे. चाल येथे स्मरणाचे काम करते. तिचे परिचित असणे हाच तिचा नाट्यगुण असतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (१८९६) पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या, तेव्हा हेतू नेमका उलटा होता. मराठी कानांना त्या अनोळखी होत्या आणि त्यांचे अनोळखीपण हेच त्यांचे आकर्षण होते. दोघांनीही चाली 'घेतल्या'. पण एकाने श्रोत्याची स्मृती जागवण्यासाठी आणि दुसऱ्याने ती खंडित करण्यासाठी. 'उसने संगीत' हा एकच शिक्का दोहोंवर मारल्याने हा भेद पुसला जातो.

पुनर्रचनेचे खरे गुंतागुंतीचे स्वरूप दिसते ते खाडिलकरांच्या दोन नाटकांत. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'मानापमान'चे संगीत गोविंदराव टेंबे यांचे; गंधर्व मंडळीच्या १९१६ मधील 'स्वयंवर'चे संगीत भास्करबुवा बखले यांचे. टेंब्यांनी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांकडे धाव घेतली. बखल्यांकडे फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांकडून मिळालेला ख्यालाचा साठा होता. 'स्वयंवर'ची अनेक पदे त्या साठ्यातून आली. 'नाथ हा माझा' हे यमनातले आणि 'मम आत्मा गमला' हे बिहागातले पद ऐकताना राग आणि चाल या दोन्ही पातळ्यांवर मैफलीचा पूर्वसंस्कार जाणवतो. पण पद म्हणजे मराठी शब्दांची बंदिश असे म्हणून थांबता येत नाही. तीन ठिकाणी मूलभूत बदल घडलेला आहे.

पहिला बदल भाषेचा. ब्रजातील बंदिशीचे शब्द थोडे, मृदू आणि दीर्घ स्वरांनी मोकळे असतात. गायक ते स्वरात विरघळवू शकतो. मराठी, त्यातही खाडिलकरांची संस्कृतप्रचुर मराठी, जोडाक्षरांनी भरलेली आहे आणि रंगभूमीवर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळावा लागतो. परिणामी ज्या मात्रांवर मुळात एक स्वर लांबत होता तेथे दोन-तीन अक्षरे उभी राहतात, आलापाची जागा आकुंचित होते आणि लय आपोआप चढते. खाडिलकरांची पदरचना क्लिष्ट आहे, तिच्यात अन्वय ओढून आणावा लागतो, ही टीका जुनी आहे आणि पद पुस्तकात वाचले तर ती खोटीही नाही. परंतु ती टीका चालीची ओळ न वाचता केलेली आहे. हे शब्द आधी ठरलेल्या सुरावटीच्या साच्यात, तिचे ऱ्हस्व-दीर्घ आणि तिची सम सांभाळून घातलेले आहेत. त्यांची परीक्षा स्वतंत्र भावगीत म्हणून करणे हे अनुवादाची परीक्षा मूळ न पाहता करण्यासारखे होय.

दुसरा बदल कालाचा. मैफलीत एक बंदिश तासभर चालू शकते. नाटकात कथानक खोळंबलेले असते. विस्तीर्ण ख्यालाचे सार काही मिनिटांत आणताना बखल्यांना निवड करावी लागली : रागाचे कोणते वळण ठेवायचे आणि कोणते सोडायचे. ही निवड म्हणजे त्या रागाविषयीचे एक मत असते. अर्थात नाटकगृहाने या आटोपशीरपणाला पुढे दाद दिली नाही. वन्समोअरच्या आग्रहाखाली पदे फुगत गेली, अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांच्यासारखी साथ असताना ती मैफलीच्या दिशेने परत वळू लागली, आणि कथानक पुन्हा खोळंबले. रचनाकाराने केलेली पुनर्रचना नट-गायकाने रोज रात्री पुन्हा मोडली आणि बांधली.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा असून त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली आहे. बंदिशीतील आणि ठुमरीतील नायिकेला नाव नसते. ती विरहिणी असते, अभिसारिका असते, रुसलेली असते. ती एक अवस्था असते. म्हणूनच ठुमरीतील एकाच ओळीचा बोलबनाव करता येतो आणि तीच ओळ क्षणात लाडीक, क्षणात व्याकूळ होऊ शकते. नाट्यपदात ही नायिका भामिनी होते, रुक्मिणी होते. तिला वडील आहेत, भाऊ आहे, गेल्या प्रवेशात काय घडले याची आठवण आहे आणि पुढे काय होणार याची चिंता आहे. अवस्थेला चरित्र मिळाल्यावर तीच सुरावट दुसरा अर्थ धारण करते. अनेकार्थता कमी होते आणि त्या बदल्यात प्रसंगाचे वजन येते. 'स्वयंवर'मधील पदे मैफलीत गायली गेली की पुन्हा सैल होतात, त्यांतील रुक्मिणी पुन्हा नायिका होते. बंदिशीकडून पदाकडे आणि पदाकडून मैफलीकडे असा हा दुहेरी प्रवास लक्षात घेतला, तर 'अभिजात संगीत लोकांपर्यंत पोहोचवले' हे विधान किती अपुरे आहे ते दिसते. जे पोहोचले ते वाटेत बदललेले होते, आणि पुढे कित्येक श्रोत्यांनी मूळ बंदिश ऐकली ती पदाची आठवण म्हणून.

येथवर चालीची ओळ प्रामाणिकपणाची खूण म्हणून पाहिली. परंतु ती ओळ काय सांगत नाही हेही पाहणे आवश्यक आहे. ती मूळ गीताचे शब्द सांगते. ते गीत कोणी रचले, कोणाकडून ऐकले, कोणी शिकवले हे सांगत नाही. पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची जपणूक मुख्यत्वे गाणाऱ्या बायकांनी केली. त्या काळच्या पांढरपेशा समाजाला त्यांच्या घराची पायरी चढणे निषिद्ध होते. त्यांच्या चाली मात्र पुरुष नटाच्या तोंडून, घरंदाज नायिकेच्या वेषात, सहकुटुंब ऐकल्या जात होत्या. 'एकच प्याला'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गडकऱ्यांचे जानेवारी १९१९ मध्ये निधन झाले; नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि त्यांच्या चालींसाठी बालगंधर्वांना पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचे साहाय्य झाले. मराठी रंगभूमीवरील पातिव्रत्याची सर्वांत गाजलेली मूर्ती म्हणजे सिंधू. तिच्या दुःखाला स्वर मिळाला तो एका व्यावसायिक गायिकेच्या गायनसंस्कारातून. ही विसंगती नाटकाच्या संहितेत कोठेही नाही. ती फक्त चालीत आहे. सिंधूच्या आदर्शाची चर्चा करणारी समीक्षा चालीपर्यंत गेली असती, तर तो आदर्श कोणत्या सामग्रीतून घडला हा प्रश्न तिला टाळता आला नसता. एका अर्थी चालीच्या ओळीने गाण्याचे ऋण मान्य केले आणि गाणाराचे ऋण झाकले.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले तेव्हा या व्यवस्थेला धक्का बसला. पदांची संख्या रोडावली आणि केशवराव भोळे यांनी त्या शब्दांसाठी, त्या प्रसंगांसाठी स्वतंत्र चाली बांधल्या. भोळे स्वतः 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहिणारे समीक्षक होते, ही बाब योगायोगाची नाही. नाट्यपदाने आपल्या प्रसंगातूनच सूर शोधावा हा समीक्षेतला आग्रह येथे रचनेत उतरला. त्याबरोबर संगीतकार या व्यक्तीला आधुनिक अर्थाने कर्तृत्व प्राप्त झाले. श्रेयनामावलीत त्याचे नाव आले आणि पदावरची चालीची ओळ हळूहळू नाहीशी झाली. हा लाभ निर्विवाद आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी गाणे माहीत असे आणि माणूस अज्ञात राही. आता माणूस माहीत असतो आणि त्याच्या मागचे गाणे अज्ञात राहते. पूर्वसुरींच्या संगीताचा वापर काही थांबला नाही, त्याची नोंद तेवढी थांबली.

जितेंद्र अभिषेकींच्या नाट्यसंगीताकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'ययाति आणि देवयानी' (१९६६) यांत त्यांनी पदाला पुन्हा आटोपशीर केले. रागाचा संस्कार ठेवला पण मैफलीचा विस्तार नाकारला. बखल्यांनी केलेली निवड त्यांनी अधिक काटेकोरपणे पुन्हा केली असे म्हणता येते. मात्र १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात त्यांच्यासमोर वेगळेच आव्हान होते. गायकी कोणाची, ती कोणाला मिळावी, आणि ऐकून घेतलेली विद्या ही चोरी की वारसा, हाच या नाटकाचा विषय आहे. त्यासाठी एकाच रचनाकाराला पंडितजी आणि खाँसाहेब अशा दोन परस्परविरोधी गायक्या निर्माण कराव्या लागल्या. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकात दोन रूपांत येते : पंडितजींच्या परंपरेत संथ, शब्दाला गोंजारणारे, खाँसाहेबांच्या गळ्यात चपळ, लयीशी झुंजणारे. शब्द तेच, राग वेगळा, लय वेगळी, आणि त्या शब्दांविषयीची भूमिकाही वेगळी.

या दोन रूपांत मूळ आणि रूपांतर ही दोन्ही अभिषेकींचीच आहेत. म्हणजे रचनाकाराने येथे उगमही कल्पिला आणि त्याची पुनर्रचनाही. किर्लोस्कर-खाडिलकरांच्या पुस्तकात जे नाते पदाच्या डोक्यावरच्या ओळीत होते, ते 'कट्यार'मध्ये रंगमंचावर आले. श्रोत्याला मूळ आणि त्याचा प्रतिवाद दोन्ही एकाच रात्री ऐकता आले. वसंतराव देशपांड्यांच्या गायनाने खाँसाहेबांचे रूप इतके प्रभावी केले की पुष्कळांच्या स्मरणात पंडितजींचे रूप मागे पडले. नाटकाचा आशय मात्र दोन्ही रूपे शेजारी ठेवल्याशिवाय हाती येत नाही. सदाशिवाला शेवटी मिळते ती या दोहोंपैकी एक गायकी नव्हे. दोन गायक्यांमधल्या अंतराचे भान त्याला मिळते, आणि गवई म्हणून त्याचा जन्म त्या भानातून होतो.

याच संदर्भात कुमार गंधर्वांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व' या उपक्रमाचा विचार करणे उचित ठरेल. बालगंधर्वांची पदे गाणारे अनुकरणकर्ते थोडे नव्हते. त्यांचा हरकत-मुरकीचा साचा हुबेहूब उचलणे ही एक कलाच होऊन बसली होती. कुमारांनी ती वाट नाकारली. शीर्षकातील 'उमजलेले' हा शब्द समीक्षकाचा आहे. तो पूर्वसुरीवर मालकी सांगत नाही आणि त्याच्यापुढे स्वतःला पुसूनही टाकत नाही. एका विशिष्ट आकलनाची जबाबदारी तेवढी स्वीकारतो. बंदिशीपासून बखल्यांचे पद, पदापासून बालगंधर्वांचे गायन, आणि त्या गायनापासून कुमारांचे आकलन, अशी ही साखळी मोजली तर मूळ कोणते या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येक दुव्यावर आधीच्या दुव्याचे वाचन आहे. साहित्यसमीक्षेत ज्याला आंतरसंहितात्मकता म्हणतात ती येथे सिद्धान्त म्हणून आणावी लागत नाही; गायनाच्या व्यवहारातच ती अंगभूत आहे.

तरीही सिद्धान्ताच्या सोयीसाठी व्यक्ती विसरून चालणार नाही. सर्वच संहिता परस्परांत गुंतलेल्या आहेत असे म्हटले की सुंदराबाईंचे ऋण आणि सदारंगाचे ऋण एकाच पातळीवर येतात, आणि ज्यांची नावे मुळातच नोंदली गेली नाहीत त्यांची अनुपस्थिती सैद्धान्तिक दृष्ट्या निरुपद्रवी वाटू लागते. उगमावरचे नाव चुकीचे असले तरी पुनर्रचना टिकते, हे ब्राम्सच्या उदाहरणातून दिसले. परंतु त्यावरून नाव गैरलागू ठरत नाही. मूल्यनिर्णयासाठी नाव लागत नाही, इतिहासासाठी ते लागते. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच नाट्यसंगीताविषयी 'उसने' आणि 'थोर' असे दोन निवाडे इतकी वर्षे शेजारी-शेजारी नांदले.

संगीत नाटकांच्या नव्या आवृत्त्या काढताना पदांवरच्या चालीच्या ओळी कालबाह्य समजून गाळण्याचा मोह होतो. त्या गाळल्या तर पदांचे काव्य म्हणून उणेपण तेवढे उरते आणि त्या उणेपणाचे कारण नाहीसे होते. त्याऐवजी प्रत्येक ओळीमागील गीताचा, त्याच्या उपलब्ध स्वरलिपींचा, जुन्या ध्वनिमुद्रिकांचा आणि ते गीत ज्यांच्याकडून आले त्या गायक-गायिकांचा शोध घेऊन पदाशेजारी ठेवला, तर नाटक, कविता आणि संगीत यांच्या अभ्यासकांना प्रथमच एका पानावर काम करता येईल. 'स्वयंवर'पासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे आहे, कारण त्यातील राग परिचित आहेत आणि पदे अद्याप गायली जातात. 'एकच प्याला' अधिक अवघड जाईल. त्यातील चालींचा माग काढायचा तर ज्यांच्या गाण्याची लेखी नोंद फारशी झालीच नाही अशा गायिकांच्या ध्वनिमुद्रिकांपर्यंत जावे लागेल, आणि तेथे पुस्तकातील ओळीचा उपयोग फक्त पहिल्या काही शब्दांपुरता होईल.